गाळलेली वचनं

मुडबीच्या चनमल्लप्पांचं वाचन कधी चुकलं नाही. सकाळी अंघोळ, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा, आणि कपाळावरची विभूती वाळायच्या आत पोथी उघडायची. रोज लिंगायत संतांची पाच वचनं, कन्नडात, खणखणीत आवाजात. मग मराठीत अर्थ. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूची, त्यामुळं गावात कन्नड वाचणारे असे ते एकटेच. ऐकायला ओसरी भरायची. बायको चन्नव्वा दाराआड बसून ऐकायची, तिच्यामागं मुलगी बसव्वा.

बसव्वा एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली होती. दोन वर्षांनी जनवाड्याच्या कल्लप्पाचं स्थळ आलं. बिजवर, पण भला माणूस. चन्नव्वाच्या मनात फार होतं. चनमल्लप्पांनी पोथीवर हात ठेवला.

"ह्यात बसत न्हाई."

पोथीच नको म्हणते म्हटल्यावर कोण काय बोलणार? बसव्वानं मान खाली घातली. पुढं कुणाच्या लग्नात, बारशात ती उंबऱ्याबाहेर आली नाही.

पोलीस ॲक्शननंतर चार वर्षांनी गावात बायकांचा वर्ग निघाला. गुलबर्ग्याहून आलेल्या रत्नम्मा मास्तरीण दुपारी कन्नड अक्षरं शिकवायच्या. पन्नाशीची चन्नव्वा पाटी घेऊन निघाली, तेव्हा नवरा हसला.

"ह्या वयात काय करायलीस?"

"पोथी वाचावं म्हनते."

"वाच की," ते म्हणाले. तिला जमेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

दीड वर्षानं ते कल्याणीच्या बाजाराला गेले असताना तिनं अंघोळ करून पोथी उघडली. वाचणं सोपं गेलं. बोट अक्षरावर पोचायच्या आत वचन ओठांवर यायचं. मधेच एक वचन आलं, ते तिच्या कानांनी कधी ऐकलं नव्हतं. ती पुन्हापुन्हा अडखळत वाचत राहिली. शिवाला शरण गेलेल्या बाईला विटाळ नाही, नवरा गेला म्हणून ती अशुभ होत नाही. खाली टीप होती : अशा लेकीचं लग्न खुशाल लावून द्यावं. बाजूला पेन्सिलीची बारीक फुली. पुढच्या पानांवर अशा आणखी फुल्या होत्या. वाचताना कुठं उडी मारायची, याच्या खुणा.

नवरा परतला तेव्हा पोथी उघडीच होती.

"हे कामून गाळलं तुमी?"

चनमल्लप्पांनी पागोटं काढून खुंटीला अडकवलं. "लोक काय म्हनले असते? माझ्याकडं कोन आलं असतं ऐकायला?"

"आन् लेक?"

ते पाय धुवायला निघून गेले.

चन्नव्वानं बसव्वाला चुलीपुढून उठवून आणलं, अक्षरांवर बोट ठेवून ते वचन वाचून दाखवलं, टीपही वाचली. बसव्वा आता तेहतिशीची. कल्लप्पाला दुसऱ्या बायकोपासून तीन लेकरं झालेली.

"अव्वा," ती म्हणाली, "आता कामून वाचलीस?"

आणि भाकरी करपायला लागली म्हणून आत गेली.

सकाळी ओसरी भरली. चनमल्लप्पांनी पाच वचनं वाचली, अर्थ सांगितला, लोकांनी हात जोडले. चन्नव्वा गोठ्यात शेण भरत होती. तिथवर आवाज स्वच्छ ऐकू येत होता.