इंजिनाच्या खिडकीतले कोपर

मी एक जुना रशियन कॅमेरा आहे. रोल घालायचा, फोकस हाताने फिरवायचा, गळ्यात अडकवला की मान दुखायची. मित्रांनो, माझ्या भिंगावर आता बुरशी चढली आहे. पण जे पाहिले ते तेव्हा लख्ख पाहिले.

बडोद्यात गोरवा भागातल्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्या जनार्दनने मला जुन्या बाजारातून आणले. त्याला वेड एकच, रेल्वेची इंजिने. सुट्टीच्या दिवशी तो मला घेऊन प्रतापनगर स्टेशनात जाई. तिथे नॅरोगेजच्या छोट्या गाडीला अजून वाफेचे इंजिन होते, आणि ते चालवत असे त्याचा थोरला भाऊ भास्करराव. आईच्या आजारपणात कोणी किती केले यावरून दोघांचे फाटले होते.

जनार्दन मला डोळ्याला लावून थांबे. भास्करराव मुद्दाम खिडकीत कोपर टेकून बसे.

"डोकं आत घे. मला इंजिन हवंय."

"इंजिन काय आपोआप चालतं, जना? तुझ्या काचेतून ड्रायव्हर दिसत नाही वाटतं?"

"दिसतो ना. म्हणूनच थांबलोय."

गाडी सुटताना भास्कररावला वाफेच्या दांड्याकडे वळावेच लागे. नेमका तेव्हा माझा खटका दाबला जाई. वाफेच्या इंजिनाच्या शेवटच्या फेरीला, झेंडूच्या माळांच्या गर्दीतही असेच झाले. फक्त कोपर तेवढे बाहेर राहिले. तो फोटो प्रदर्शनात पहिला आला. मोठा करून जनार्दनच्या मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर लागला. माझे फार कौतुक झाले.

मग झूमवाला कॅमेरा आला आणि मी शोकेसमध्ये गेलो. भास्करराव डिझेलवर, पुढे विजेच्या इंजिनावर गेला. झूम ओढून जनार्दन त्याची खिडकीच कापू लागला. नंतर मुलाने, धवलने, डिजिटल कॅमेरा घेतला.

"पप्पा, काका बघा! हात हलवतायत, मस्त आलेत."

"पूस."

"अहो, आता रोल थोडाच वाया जातोय?"

"पूस म्हटलं ना!"

धवलने पुसला.

त्याच पावसाळ्यात भास्करराव हृदयविकाराने गेला. दिवस झाल्यावर त्याची बायको अहल्या आली.

"भावजी, इंजिनावरचा यांचा एक फोटो द्या. जन्मभर त्याच गाड्या टिपल्यात तुम्ही."

अल्बम उघडले. इंजिनामागून इंजिन, आणि प्रत्येक खिडकी रिकामी, नाहीतर चौकटीबाहेर. धवल मान वर करीना. अहल्या उठली, भिंतीवरची चौकट उतरवून मागचे खिळे उचकटू लागली.

"हे यांचं कोपर. बाहीला रफू मी केलं होतं."

"वहिनी, तो एवढाच आहे. निगेटिव्ह ओलीने चिकटून गेली—"

"पद्मा, कात्री दे गं."

जनार्दनच्या बायकोने, पद्माने, नवऱ्याकडे न बघता कात्री दिली. अहल्याने कोपर कापून पाकिटात ठेवले आणि उरलेला फोटो जनार्दनच्या मांडीवर टाकला.

"हे घ्या तुमचं इंजिन."

मित्रांनो, कॅमेरा कोरड्या जागी ठेवा. निगेटिव्ह दमट कपाटात कोंबू नका. आणि ज्याच्याशी वैर आहे तो चौकटीत आला, तर खटका दाबून टाका. भांडायला पुढे वेळ मिळतो.

भोक पडलेला तो फोटो जनार्दनने पुन्हा भिंतीवर लावला आहे. शोकेसमध्ये माझे तोंड नेमके तिकडेच आहे.