नव्या पेटीची पूजा

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार, सकाळचे सात चाळीस, एकूण थेंब अकरा. विभावरीने सूक्ष्मदर्शकाखाली दहावा थेंब आणला. तोही नितळ पाणी. बुधवारी प्रत्येक थेंबात एकेक स्फटिक होता.

विषाणू पेशीत शिरताच शरीराला सावध करणाऱ्या प्रथिनाचे ते स्फटिक. सहा वर्षांच्या खटपटीनंतर चार अंशांच्या थंडाव्यात धरलेले. त्यांवर क्ष-किरण सोडून रेणूची घडण वाचायची होती. चित्राची बारकाई अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे अणूच्या मापात, मोजतात; आकडा जितका लहान तितके चित्र स्पष्ट. तो तीन किंवा त्याहून कमी हवा. नाहीतर महिनाअखेर प्रकल्प बंद आणि विभावरीची विद्यार्थिनी मृण्मयी हिची पीएचडी अधांतरी. इंदूरच्या किरणयंत्रावरची शेवटची वेळ रविवारची होती.

थेंब ठेवलेल्या थंड पेटीच्या दारावर हळदकुंकू, झेंडूचा हार. आत मात्र खोलीइतकीच ऊब.

प्रयोगशाळेचे जुने तंत्रसहायक कृष्णाजी इथल्याच नजरबाद मोहल्ल्यातले, मूळचे रंगाऱ्यांच्या घरातले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, यंत्रांना विश्रांती द्यायची, हा त्यांचा नेम. फ्रीजरांना ते हात लावत नसत. ऊब देणाऱ्या पेट्या तेवढ्या दरवर्षी बंद ठेवत. गेल्या महिन्यात आलेली ही पेटी दिसायला हुबेहूब तशीच.

"हे पण गरम पेटीच म्हणून समजलो मी, मॅडम," ते म्हणाले. "पूजा झाल्यावर स्विच काढलो, अष्टे, एवढंच. आमच्या घरी रंगाची भट्टीसुद्धा त्या दिवशी विझवायचे की हो."

"मग आता देवीलाच विचारा, काका, रेणू कसा दिसतो ते," मृण्मयी म्हणाली.

विभावरीने तिला गप्प केले. बुधवारी निघताना कृष्णाजींना विभावरीनेच हसत सांगितले होते, नवी पेटी आहे, पहिला हार तिला घाला. ती थंडीची आहे, एवढेच सांगायचे राहून गेले होते.

अकराव्या थेंबात काही उरले होते. कडा झिजलेला, चघळलेल्या खडीसाखरेसारखा एक खडा. नायलॉनच्या बारीक फासात तो पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा श्वास रोखून तिने उचलला आणि द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला. त्याच संध्याकाळी मृण्मयी तो घेऊन इंदूरला निघाली.

रविवारी सुट्टी असूनही कृष्णाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. दुपारी फोन आला. मृण्मयीचा आवाज अगदी सपाट होता. विभावरीने आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला आणि फोन हलकेच पालथा ठेवला.

"किती आलं, मॅडम?"

सात पूर्णांक नऊ.