नवव्या प्रकरणातील कागद

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. माझ्यात राजपुत्र नाही, राक्षस नाही, एकसुद्धा रंगीत चित्र नाही. ओहायो राज्यात घरे विकण्याचा परवाना हवा असेल तर सरकारची एक परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेसाठी लोक मला वाचतात. निदान पूर्वी वाचत. आता माझी मधली पाने एकमेकांना चिकटली आहेत, पाठीचा डिंक सुटला आहे आणि अंगाला तळघराचा वास येतो. हा वास मला कसा लागला, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

इंडियाना राज्यातल्या एका मोठ्या छापखान्यात माझा जन्म झाला. एकाच दिवशी माझी हजारो भावंडे जन्मली. आमच्या प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर लाल दाराचे एक घर होते आणि त्यासमोर किल्ली उंच धरून हसणारे एक जोडपे. माझी पहिली मालकीण एक तरुण मुलगी होती. तिने माझी पहिली बारा पाने पिवळ्या शाईने रंगवली, तेराव्या पानावर तिचे लग्न ठरले आणि ती फ्लोरिडाला निघून गेली. जाताना मला कॉलेजच्या दुकानात विकून गेली. तिथे पाठीवर ‘वापरलेले’ अशी पट्टी घेऊन मी दोन वर्षे उभा होतो.

मग एका दुपारी डेलबर्ट योहो आला. छप्पन्न वर्षांचा, रुंद खांद्यांचा, जाड बोटांचा माणूस. नदीकाठच्या हॅमंड्स बेंड गावात कपबश्यांचा कारखाना होता. तिथल्या भट्टीवर त्याने अडतीस वर्षे काढली होती. कारखाना बंद पडला आणि इतरांसारखा तोही घरी बसला. त्या गावात थेल्मा बिकरस्टाफ नावाच्या बाई घरविक्रीचे ऑफिस चालवत. त्या डेलबर्टला म्हणाल्या होत्या, “डेल, या गावातलं कुठलं छप्पर गळतं ते घरमालकाच्या आधी तुला कळतं. ती परीक्षा तेवढी पास हो. खिडकीजवळचं टेबल तुझं.”

थेल्माबाईंना एक गोष्ट माहीत नव्हती. डेलबर्टला धड वाचता येत नव्हते. शाळेत अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे पोहू लागत. मास्तरांनी त्याला शेवटच्या बाकावर बसवले आणि विसरून गेले. सतराव्या वर्षी तो भट्टीवर लागला. तिथे कुणी वाचायला सांगत नसे. घरी आलेली पत्रे, औषधांच्या बाटल्या, सगळे त्याची बायको नेड्रा वाचून दाखवी. आता तिने मला वाचायला घेतले.

नेड्रा शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढायची. तीन वाजता घरी येई, एप्रन खुंटीला अडकवी आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मला उघडून बसे. मित्रांनो, मला तोवर कुणी इतके मन लावून वाचले नव्हते. ती नुसती वाचत नसे, माझे रूक्ष कायदे गावात फिरवून आणी.

“वहिवाटीचा हक्क,” ती सांगे. “तो क्लाइड मेसर बघ. आपल्या मागच्या अंगणातून नदीवर जातो. किती वर्षं?”

“बावीस. जास्तच.”

“आपण त्याला कधी विचारलं नाही, अडवलं नाही. आता अडवायचं म्हटलं तरी जमणार नाही. तोच हक्क.”

“क्लाइडला सांगू नकोस हं हे. उद्या तिथे खुर्ची टाकून बसेल.”

दोघे हसत. अधूनमधून डेलबर्ट मला आपल्याकडे ओढी, ओळीवर जाड बोट ठेवी आणि ओठ हलवू लागे. “मा... माल... मालम...”

“मालमत्ता,” नेड्रा लगेच म्हणे. तिच्या मनात काही नसे. पाच वाजता स्वयंपाक असे, उद्याचे कपडे असत. “पुढे?”

“त्या... ह... हस्...”

“हस्तांतरण. दे इकडे, मी वाचते.”

आणि मी पुन्हा तिच्या हातात जाई. तेव्हा मला वाटायचे, माया म्हणतात ती हीच.

परीक्षा राज्याच्या राजधानीत, कोलंबसला असायची, गाडीने अडीच तासांवर. आत पुस्तक नेऊ देत नसत. म्हणून मी नेड्राच्या मांडीवर, गाडीतच थांबलो. डेलबर्ट बाहेर आला तो हातात एक कागद घेऊन. त्यावर ‘अनुत्तीर्ण’ असे छापले होते.

“चार उत्तरं देतात,” गाडी सुरू करताना तो म्हणाला. “चारही एका आईची पोरं. ओळखायचं कुठलं? पहिलं वाचून होईस्तोवर तिसरं विसरायला होतं.”

दुसऱ्या वेळी तो दोन गुणांनी राहिला. त्या दिवशी दोघांनी वाटेत थांबून सफरचंदाचा गोड ‘पाय’ खाल्ला आणि नेड्रा त्याची पाठ थोपटत राहिली. तिसऱ्या वेळी तो अर्ध्या तासातच बाहेर आला. कागद त्याने तिला दाखवलाही नाही. घरी पोचल्यावर मला टेबलावर टाकून म्हणाला, “झालं. संपलं. याचं काय करायचं ते कर.”

मी कपाटात गेलो.

काही आठवड्यांनी नेड्राने मला एकटीनेच बाहेर काढले. माझ्या शेवटी सरावाचे प्रश्न आहेत. तिने पेन्सिल घेतली, सगळे सोडवले आणि उत्तरे ताडून पाहिली. जवळजवळ सगळी बरोबर होती. ती हसली. मग तिने एकदम दाराकडे बघितले आणि पेन्सिलीच्या सगळ्या खुणा खोडून टाकल्या.

त्यानंतर दर शनिवारी ती नदीपलीकडे बहीण विल्माकडे जाते म्हणून बाहेर पडू लागली. विल्माच्या खुब्याचे हाड मोडले आहे, तिला कुणी करणारे नाही, असे तिने डेलबर्टला सांगितले. विल्मा ठणठणीत होती. शनिवारी नेड्रा वर्गात बसत होती, आणि कापडी पिशवीत स्वेटरखाली मी होतो. खरे सांगू? मला आनंद व्हायचा. मास्तर प्रश्न विचारत आणि नेड्राचा हात सर्वांआधी वर जाई. पण घरी परतताना तिने पिशवी छातीशी धरलेली असे आणि मला तिच्या हृदयाचे ठोके ऐकू येत. ते आनंदाचे नव्हते.

आणि याच दिवसांत, मित्रांनो, दुसरी गोष्टही चालली होती. नेड्रा सकाळी शाळेत गेली की डेलबर्ट कपाट उघडी, मला काढी आणि टेबलाशी बसे. एकटाच. ओळीवर बोट ठेवून. पहिल्या दिवशी अर्धे पान झाले. तो घामाघूम झाला होता. पुढचा शब्द सांगणारे कुणी नव्हते, म्हणून तो त्या शब्दापाशी बसून राही. पाच मिनिटे, कधी दहा. मग शब्द सापडे. सापडला की तो मोठ्याने म्हणे, रिकाम्या स्वयंपाकघराला ऐकू जाईल असा. रोज एक पान, मग दोन. अडीच वाजता तो मला होतो तसा ठेवून देई.

एकदा तो मला मिटताना पुटपुटला, “जूनमध्ये पुन्हा बसेन. तिला बोलायचं नाही. एकदम कागदच हातात ठेवायचा.”

घरातली दोन्ही गुपिते एकट्या मला माहीत होती. सगळे शब्द माझ्यापाशी होते, पण तोंड नव्हते.

मार्चमध्ये नेड्रा परीक्षेला बसली आणि पहिल्याच खेपेला पास झाली. निकालाचा कागद घेऊन ती गाडीत बराच वेळ बसली होती. घरी कसे सांगावे हे तिला सुचेना. रविवारी चर्चहून आल्यावर सांगू, असे ठरवून तिने तो कागद घडी न घालता माझ्यात ठेवला. नवव्या प्रकरणात. डेलबर्ट मला पुन्हा हात लावणार नाही, याची तिला खात्री होती.

डेलबर्टची आठ प्रकरणे आदल्या दिवशी संपली होती.

सकाळी त्याने पान उलटले. कागद समोर आला. त्यावर नेड्राचे नाव होते, तारीख होती आणि ‘उत्तीर्ण’ असा शब्द होता. त्याने बोट ठेवले नाही, ओठ हलवले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच एक अख्खा कागद तो कुठेही न अडखळता वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने तो टेबलावर नीट सपाट केला, मला बाजूला ठेवले आणि तीन वाजेपर्यंत तिथेच बसून राहिला.

नेड्रा आली. एप्रन काढताना तिला टेबल दिसले.

“विल्माचं हाड कसं आहे?” त्याने विचारले.

“डेल, मी रविवारी सांगणारच होते.”

“थेल्माला माहीत होतं?”

तिने एप्रन खुंटीला अडकवला. मग म्हणाली, “ऑफिसवाल्याच्या सहीशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत.”

“म्हणजे खिडकीजवळचं टेबल तुझं.”

“शाळेत माझे कामाचे तास कमी केलेत. दोघांतल्या एकाला तरी...” ती थांबली. खुर्चीवर बसली. “नाही. ते कारण नाही. मला ते आवडायला लागलं, डेल. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट मला पटापट येत होती.”

“आणि मला येत नव्हती.”

“मग मी काय करायचं होतं? घसा बसेपर्यंत वाचून दाखवलं तुला!”

“दाखवलंस ना. सगळं तूच वाचलंस. एका शब्दासाठी कधी थांबली नाहीस.” त्याचा आवाज चढला नव्हता. “मी आठ प्रकरणं वाचलीत, नेड्रा. एकट्याने. इथेच बसून. तू घरात नसलीस की मला वाचता येतं.”

नेड्राने हात पुढे केला, पण त्याने मला उचलले होते. तो मला घेऊन तळघरात गेला. फेकले नाही. सांडपाण्याच्या नळाशेजारी जमिनीवर ठेवले, दिवा घालवला आणि जिना चढून गेला.

त्या वसंतात नदी चढली. तळघराच्या भिंतींतून पाणी झिरपू लागले आणि मी ते पीत राहिलो. आधी मुखपृष्ठ फुगले, मग हसणाऱ्या जोडप्याचे रंग उतरले. पानांवर काळी बुरशी चढली. जूनमध्ये कुणी आले नाही. नंतरही कुणी आले नाही. डोक्यावरच्या फळ्यांतून मला पावले ऐकू येत. तिची पावले सकाळी, त्याची ती गेल्यावर. टेबलाशी दोन खुर्च्या एकाच वेळी सरकल्याचा आवाज कित्येक महिन्यांत आला नाही. नेड्रा थेल्माबाईंच्या ऑफिसात खिडकीजवळ बसू लागली. बहुतेक घरे मेलेल्या माणसांची असत आणि विकत घेणारे थोडेच. डेलबर्टला हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ काढण्याच्या गाडीवर काम मिळाले.

वर्ष उलटले. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या एका बाईला ती परीक्षा द्यायची होती. तिच्यासाठी मला शोधत नेड्रा खाली आली. मला बघून ती जिन्याच्या पायरीवरच बसली. मग मला फडक्यात गुंडाळून वर घेऊन आली.

डेलबर्ट टेबलाशी होता. शेगडीवर सूप होते.

“हे कुणाला देऊ नकोस,” तो म्हणाला. “बरं दिसणार नाही.”

“मग टाकून देऊ?”

त्याने हात पॅंटला पुसले आणि मला आपल्याकडे ओढले. मी जिथे उघडता येत होतो तिथेच उघडलो. त्याने ओळीवर बोट ठेवले.

“भा... भागी... दा...”

मी नेड्राकडे पाहत होतो. शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिने ओठ घट्ट मिटले.

“भागीदारांचं... एक... एकमत... न झाल्यास...” तो थांबला. मागे गेला, पुन्हा आला. शेगडीवरचे सूप उतू जाऊ लागले, करपल्याचा वास सुटला. नेड्रा उठली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होते, तरी तिने ते पुसायलाही हात उचलला नाही. “कोणताही एक जण... वाटणी... मागू शकतो.”

ओळ संपली. किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही.

“पुढे?” तिने हळू विचारले.

त्याने पान उलटू पाहिले. ते चिकटले होते. जोर केला असता तर फाटले असते. “पुढचं निघत नाही,” तो म्हणाला आणि मला मिटले.

मित्रांनो, डेलबर्टने ती परीक्षा पुन्हा दिली नाही. घरात सगळे पूर्वीसारखे झाले असे मी म्हणणार नाही, कारण तसे झालेले नाही. दोन खुर्च्या हल्ली कधीकधी एकत्र सरकतात, एवढेच. मला त्यांनी कपाटावर, कोरड्या जागी ठेवले आहे. मला आता कुणी उघडत नाही.

पुस्तकांना ओलीत ठेवू नका, हे तर मी सांगणारच. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणी ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत बसला असेल आणि पुढचा शब्द तुमच्या जिभेवर तयार असेल, तर तो तसाच गिळा. त्याला वेळ लागेल. लागू द्या.