सहा वर्षे कपाटावर, चार दिवस परदेशात

मित्रांनो, मी एक जुनी प्रवासी बॅग आहे. निळा रंग, दोन चाके, वर ओढता येणारा दांडा आणि पुढे एक चपटा खिसा. मला प्रवासी म्हणतात खरे, पण पहिली सहा वर्षे मी कपाटावरून पलंगावर आले आणि पलंगावरून परत कपाटावर गेले. हे अंतर साधारण चार हातांचे आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझे अस्तर शिवले. शिवता शिवता ती शेजारणीला आपल्या सुनेबद्दल सांगत असे, आणि सुनेचा विषय निघाला की तिचे टाके लांब पडत. माझ्या उजव्या कडेची शिवण त्यामुळे जरा तिरकी आहे. शेवटी एका माणसाने माझा दांडा वीस वेळा वरखाली केला, चेन ओढून पाहिली आणि माझ्या पोटावर एक गोल चिठ्ठी चिकटवली. म्हणजे मी पास झाले.

दुकानात मला एक लिफ्ट मेकॅनिक घ्यायला आला. तो गुडघ्यावर बसला, माझी चाके फिरवून त्यांना कान लावला आणि विक्रेत्याला म्हणाला, "हा जोड तपासतं कोण?" कारखान्यात तपासतात, असे विक्रेत्याने सांगितले. कारखान्यात म्हणजे नेमका कोण माणूस, असे त्याने पुन्हा विचारले. ते काही विक्रेत्याला सांगता येईना. खरे तर तो मला तिथेच ठेवून गेला असता, पण तेवढ्यात त्याच्या बायकोने आणि दहा वर्षांच्या मुलीने मला ओढत दारापर्यंत नेलेही होते.

त्यांचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. तीन खोल्या, आणि खिडकीतून दिसणारा बस डेपो. मुलीला सगळे ठकू म्हणत. ती मेकॅनिकला बाबा म्हणत असे, म्हणून मीही बाबाच म्हणते. बाबांच्या हाती शहरातल्या बत्तीस इमारतींच्या लिफ्ट होत्या. आई एका दंतवैद्याच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवत असे. तिच्या नखांत नेहमी प्लास्टरची पांढरी रेघ असायची.

दर वर्षी शेवटच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी, जेवणे झाली की मला खाली काढत. ओल्या फडक्याने पुसून पलंगावर ठेवत आणि माझ्याभोवती तिघे मांडी घालून बसत. वर्षअखेरीला आईचा दवाखाना चार दिवस बंद असे. त्या चार दिवसांत परदेशातले एकच शहर पाहायचे, असा बेत होता. ते शहर निवडण्यासाठी ठकूने एक वही केली होती. थंडी किती, पायी फिरता येते का, पाहायचे काय, असे रकाने तिने आखले होते. तिचा जीव कालव्यांच्या शहरावर होता. तिथे म्हणे रस्त्यांच्या जागी पाणीच होते आणि दूधवाला नावेतून येई. आईला गरम पाण्याच्या हौदांचे शहर आवडे. वर्षभर स्टुलावर बसून कंबर धरते, तर चार दिवस पाण्यात बसून राहीन, असे ती म्हणे. बाबांना विचारले की ते म्हणत, "तुम्ही ठरवाल ते. मला काय, कुठेही चालेल." आमचे बाबा किती चांगले, असे ठकू मैत्रिणींना सांगत असे.

मग, तिकिटे काढायची म्हणेपर्यंत, बाबा एक दिवस कामावरून येत आणि बूट काढता काढता सांगत की सुट्टीत ड्युटी लागली. त्या दिवसांत घरोघरी पाहुणे येतात, लिफ्टवर ताण पडतो, कोणीतरी हवेच.  आई मग माझ्यात जास्तीचे स्वेटर भरून मला परत कपाटावर ठेवत असे. ठकू वही मिटून ठेवी. पहिल्या वर्षी ती रडली. तिसऱ्या वर्षापासून तिने रडणे सोडले, पण वही सोडली नाही.

माझे कौतुक मात्र खूप झाले. घरी आलेल्या मावशी मला पाहून म्हणत, "बॅग अगदी नवीकोरी ठेवली आहे हो तुम्ही!" त्यावर आई चहा टाकायला उठे. नवीकोरी मी फक्त बाहेरून होते. आत अस्तर चिकट झाले होते, चाकांचे रबर कडक झाले होते आणि दांडा दुसऱ्या खाचेवर अडकत होता. वस्तू वापरून झिजते, तशी पडून राहूनही झिजते. पडून झिजलेल्या वस्तूकडे सांगण्यासारखे मात्र काही नसते.

सातव्या वर्षी ठकू सतरा वर्षांची झाली. पुढच्या उन्हाळ्यानंतर ती शिकायला दुसऱ्या गावी, वसतिगृहात जाणार होती. त्या वर्षी शेवटचा महिना लागता लागता बाबांच्या खात्यातले एक म्हातारे मेकॅनिक खालची कवळी करून घ्यायला आईच्या दवाखान्यात गेले. दातांचा रंग जुळवायला आई बाहेर आली, तेव्हा त्यांनी तिला ओळखले. ते मोठ्या मायेने म्हणाले, "वहिनी, तुमच्या ह्यांच्यामुळे आम्ही सणासुदीला नातवंडांत असतो. साहेब यादी करायच्या आधीच हे सुट्टीच्या ड्युटीला आपलं नाव लिहून मोकळे होतात. दर वर्षी."

आईने त्यांच्या दातांचा रंग बरोबर जुळवून दिला. घरी आल्यावर ती रविवारपर्यंत थांबली.

रविवारी मला खाली काढले, पुसले. ठकूने वही उघडली आणि रकाने वाचायला घेतले. बाबा म्हणाले, तुम्ही ठरवाल ते. तेव्हा आईने वहीवर हात ठेवला.

"ड्युटी तुम्ही मागून घेता," ती म्हणाली. म्हाताऱ्या मेकॅनिकने काय सांगितले, तेही तिने सांगितले.

बाबा माझी चेन उघडत होते आणि लावत होते. असे त्यांनी बऱ्याच वेळा केले. ठकूला आधी ही गंमत वाटली, मग तिने बाबांच्या तोंडाकडे पाहिले आणि ती हसायची थांबली.

"मला विमानाची भीती वाटते," बाबा म्हणाले.

"तुम्ही तर विसाव्या मजल्यावर दोराला लोंबकळता," ठकू म्हणाली.

"तो दोर मी स्वतः तपासलेला असतो. विमान कोणी तपासलंय, मला काय ठाऊक? एकदा दार लागलं की आपल्या हातात काही राहत नाही."

इतकी वर्षे सांगितले का नाही, असे आईने विचारले. बाबांनी पुष्कळ वेळाने उत्तर दिले. "तुम्ही दोघी इतक्या हौसेनं शहरं निवडायचात. मला वाटायचं, पुढच्या वर्षी जमेल. गेल्या वर्षी एक दुपारभर विमानतळाच्या कुंपणाशी उभा राहिलो. चौदा विमानं उडाली. चौदाही नीट गेली. तरी नाही जमलं."

ठकू उठून दुसऱ्या खोलीत गेली. पुढे दोन दिवस ती बाबांशी बोलली नाही. ते भित्रे आहेत याचा तिला राग नव्हता. न जाण्यासाठी तिच्याकडून सहा वर्षे रकाने भरून घेतले, याचा होता.

मंगळवारी आईने तिला माझ्याशेजारी बसवले आणि सांगितले की या वर्षी जायचेच. आता दोन वाटा आहेत. आपण दोघी विमानाने कालव्यांच्या शहरी जायचे, नाहीतर तिघांनी रेल्वेने जायचे. चार दिवसांत रेल्वेने जाऊन येता येईल असे परदेशातले एकच शहर होते आणि त्यात एक मोठा सिमेंटचा कारखाना होता, एवढीच माहिती त्यांच्याकडे होती. निवड तू कर, मी रागावणार नाही, असे आई म्हणाली.

ठकूने दिवसभर विचार केला. संध्याकाळी तिने बाबांसमोर येऊन सांगितले, "कालवे."

"बरोबर केलंस," बाबा म्हणाले. आवाजात काही फरक नव्हता. नंतर ते तेलाची कुपी घेऊन माझ्यापाशी बसले आणि दीड तास माझ्या चाकांना तेल देत राहिले. दोन चाकांना एवढा वेळ लागत नाही.

ते विमानतळाच्या काचेच्या दारापर्यंत आले. पोचल्यावर फोन करा, असे त्यांनी तीनदा सांगितले, माझी चेन एकदा ओढून पाहिली आणि झटकन वळून बसकडे चालू लागले.

अशा रीतीने मी परदेशी गेले. विमानाच्या पोटात फार थंडी असते, एवढेच मी त्याबद्दल सांगू शकेन. कालव्यांचे शहर वहीत होते तसे होते आणि नव्हतेही. पाणी होते, नावा होत्या, पण पाण्याला वास येत होता. सुट्टीमुळे दोन संग्रहालये बंद होती. पूल फार होते आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या. सातव्या पुलावर आईच्या हातातून दांडा सुटला आणि मी अकरा पायऱ्या गडगडत खाली गेले. एक चाक डुगडुगू लागले आणि कुशीवर बोटभर लांबीचा ओरखडा आला. मला त्याचे वाईट वाटले नाही. ठकूने तिथे तीन दिवस पाण्याकडे पाहिले. दूधवाला नावेतून येतो का, हे पाहायला ती एका सकाळी पुलावर उभीही राहिली. तो सायकलवरून आला. ती खूश होती, पण मधूनच फोन काढून पाहत असे.

तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. कालवे कसे आहेत, हे त्यांनी विचारले नाही. हॉटेलला लिफ्ट आहे का, असे विचारले. होती, लोखंडी जाळीचे दार असलेली, जुनी. ठकूने मला आणि फोनला घेऊन लिफ्टचे दार लावले आणि चार मजले वर जाऊन परत खाली आली. बाबा पलीकडून ऐकत होते.

"वर थांबताना खट् असा आवाज येतो, तो बरा नाही," ते म्हणाले. "त्यांना सांग."

ठकूने काउंटरवरच्या बाईला सांगितले. त्या बाईने नम्रपणे मान हलवली. मग ठकू जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली आणि तिने बाबांना कालवे सांगायला सुरुवात केली. वास, पूल, सायकलवरचा दूधवाला, सगळे. अर्धा तास ती बोलत होती. आई वरून शोधत आली आणि दोघींच्या मध्ये मला ठेवून तीही पायरीवर बसली.

परत आलो तेव्हा बाबा काचेच्या दाराशीच उभे होते. घरी त्यांनी मला रिकामे केले. कुशीवरच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवून त्यांनी विचारले, "हा कुठला?" ठकूने सांगितले. निळ्या रंगाचा डबा त्यांनी ओरखडा दिसताच फळीवरून काढला होता. त्यांनी तो न उघडताच परत फळीवर ठेवला. डुगडुगणारे चाक मात्र त्यांनी काढून टाकले आणि लिफ्टच्या दाराची एक छोटी चकती घासूनपुसून तिथे बसवली. ते चाक अजून आवाज करत नाही.

पुढच्या वर्षी ठकू सुट्टीला वसतिगृहातून घरी आली, तेव्हा वही पलंगावर उघडीच होती. नवे पान बाबांनी स्वतःच्या चौकोनी अक्षरात भरले होते. शहर, सिमेंटच्या कारखान्याचे. जायचे कसे, रेल्वेने. पाहायचे काय, या रकान्यात त्यांनी लिहिले होते, 'माहीत नाही. जाऊन पाहू.' कामावर त्यांनी यादीत नाव लिहिले नव्हते. साहेबांनी दोनदा विचारले म्हणे, तब्येत बरी आहे ना.

आम्ही सकाळी निघालो. मी वरच्या फळीवर होते, म्हणून मला सगळे दिसत होते. दुपारी सरहद्दीवर गाडी थांबली आणि डब्यात एक अधिकारी आला. त्याने आईचा आणि ठकूचा पासपोर्ट पाहून परत केला. बाबांचा पासपोर्ट माझ्याबरोबरच घेतलेला, आठ वर्षांचा, पण त्यावर एकही शिक्का नव्हता. अधिकाऱ्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळून पाहिला आणि प्रवासाचे कारण विचारले.

 बाबांनी आईकडे पाहिले, ठकूकडे पाहिले.

"फिरायला," ते म्हणाले.

अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि तो पुढच्या बाकाकडे गेला. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत बाबांनी ते पान उघडेच धरून ठेवले होते. शाई केव्हाच वाळली असावी. गाडी सुरू झाल्यावरही त्यांनी पासपोर्ट मिटला नाही.

मित्रांनो, आता मी ठकूच्या वसतिगृहात तिच्या खाटेखाली असते आणि दर दोन महिन्यांनी घरी जाऊन येते. माझी एक विनंती आहे. आमच्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या. म्हणजे चाकांना तेल द्या, ओले अस्तर उन्हात वाळवा, शिवण उसवली तर वेळेवर शिवा. पण काळजीच्या नावाखाली आम्हाला कपाटावर चढवून विसरू नका. आणि तुमच्या घरात एखादी बॅग वर्षानुवर्षे वरच राहत असेल, तर तिला वर ठेवणाऱ्या माणसाला एकदा विचारा की कशाची भीती वाटते. उत्तर द्यायला त्याला वेळ लागेल. तेवढा द्या.