आठ सेकंदांची सुधारणा

चाललेल्या गोष्टीला हात लावायची खोड माणसाला कधी ना कधी नडतेच. लिफ्टवाल्याला ती सख्ख्या बापाच्या बाबतीत नडली, एवढंच.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर मोटारी, रिले आणि अडकलेल्या लोकांच्या शिव्या. घरी आला की संगणक. त्याचे वडील जमिनीची मोजणी करणारे. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या हद्दी आखल्या, आणि दोन वर्षांपूर्वी दृष्टी गेली तशी त्यांची स्वतःची हद्द पलंगापासून न्हाणीघरापर्यंत अकरा पावलं उरली. चहा मागायचा, चप्पल मागायची, किती वाजले तेही विचारायचं. कुणाकडे काही मागायची सवय नसलेल्या माणसाला याचा फार जाच होतो.

बाबांकडे गाणी वाजवणारा काड्यापेटीएवढा प्लेअर होता. बटणं बोटांना कळायची, पण यादी उमटायची पडद्यावर. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही फुकट घ्यावी अशी एक ऑपरेटिंग सिस्टिम होती, आणि तिचा मेनू बोलायचा. ती नेमकी याच प्लेअरवर चालत नव्हती. मग लिफ्टवाल्याने प्रयोगाला अगदी तसाच दुसरा प्लेअर आणला आणि नऊ महिने डोकेफोड केली. आत काय कशाला जोडलंय याचा एक कागद कंपनीने दिला नाही; सगळं अंदाजाने आणि हट्टाने. शेवटी एका रविवारी बाबांनी बटण दाबलं आणि आतली बाई म्हणाली, "संगीत. भाषणं. रेडिओ."

त्या दिवसापासून घरात एक गोष्ट अशी झाली की जी बाबांना कुणाला विचारावी लागत नव्हती. सकाळी बासरी, दुपारी भाषण, वक्ता कंटाळवाणा निघाला की पुढचा. आवडीनिवडीत ते पहिल्यापासून खाष्ट, आणि आता ती खाष्टगिरी पुन्हा हक्काने चालू झाली.

एकच उणीव होती. चालू केल्यावर आधी कंपनीचा सुरुवातीचा प्रोग्राम जागा व्हायचा आणि आठ सेकंद मुकाट बसायचा. मग आपली बाई बोलायची. लिफ्टवाल्याला ती आठ सेकंद बोचायची.

"काढून टाकतो ती," तो म्हणाला.

"राहू दे की. मी मोजतो आठपर्यंत. चांगलं चाललंय, हात लावू नकोस."

लिफ्टवाल्याने हात लावला. कंपनीचा प्रोग्राम पुसून त्या जागी स्वतःचा लिहिला. प्रयोगाच्या प्लेअरवर बाई दुसऱ्याच सेकंदाला बोलली. तो हरखला आणि बाबांच्या प्लेअरवरही तेच केलं. तो प्लेअर काही बोललाच नाही.

उघडून पाहिलं तेव्हा कळलं. बाहेरून दोन्ही सारखे, मागचा नंबरही एकच. पण बाबांच्या प्लेअरमध्ये मेमरीची चिप वेगळी होती. तिला जागं करायची रीत फक्त कंपनीच्या प्रोग्रामला ठाऊक होती, आणि तो याने पुसला होता. परत भरायची वाटही त्याच प्रोग्राममधून जायची. त्याने जगभरच्या त्या हौशी मंडळींना लिहिलं. एकाने उत्तर दिलं, 'वाईट वाटलं.' बाकीच्यांना तेवढंही सुचलं नाही.

"तुझा तो दुसरा देऊन टाक ना त्यांना," बायको म्हणाली.

"त्याची बटणं गेलीत. नऊ महिने मीच ठोकलीत. त्यातली चिप काढून बाबांच्यात बसवतो."

"लिफ्टचे नट पिळणारे हात ते. जमेल?"

जमलं नाही. गरम हवेने चिप सुटली, ती खालच्या तांब्याच्या दोन रेषा सोबत घेऊनच. तिकडे बाबांच्या प्लेअरमधल्या बोर्डावर काळा डाग पडला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. ते मॉडेल आता कुठेही मिळत नव्हतं. त्याने विचारायचं एक दुकान सोडलं नाही. बोलणारा फोन आणून दिला, पण त्या गुळगुळीत काचेवर बाबांचं बोट घसरत राहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी तो उशीखाली सरकवला.

आठवडाभर तो सांगत राहिला, "काम चालू आहे, बाबा."

"घाई नको," बाबा म्हणायचे. त्यांचा विश्वास पाहून त्याला शिसारी यायची, स्वतःची.

शेवटी त्याने सांगून टाकलं. पलंगाच्या कडेला बसला आणि सगळं सांगितलं: चिप, डाग, आपली चूक. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बरं," ते म्हणाले. "मग आता तुला सवड असेल तेव्हा, जरा काहीतरी लावून देतोस का?"

त्याने आपल्या फोनवर घाईघाईने बासरी शोधली. लागली ती भलतीच, कुठल्याशा जाहिरातीतली, ढोलकं बडवणारी. बाबांनी असल्या वाजवण्याला कधी उंबरठा ओलांडू दिला नसता. तो बदलायला गेला तसा त्यांनी चाचपत त्याचा हात धरला.

"असू दे," ते म्हणाले. "हेही चालेल. तुला कामावर जायचं असेल."