सखाराम तारीचा दांडा

"घट्ट धरू नको रे. सैल धर, मगे तो काय सांगता ता आयक." सखारामच्या बापाने मला त्याच्या हातात दिले तेव्हाचे हे शब्द.

मित्रांनो, मी एक जुना वेळूचा दांडा. पेडण्याच्या काठाने वाहणाऱ्या शापोरा नदीवरच्या होडीचा. विस्तवावर शेकून मला सरळ केले, टोकाला लोखंडी कडे बसवले. सोळा वर्षे सखाराम तारीने मला तळाला टेकवून माणसे पैलतीरी नेली. शाबासकी त्याला मिळे, मी ओला कोपऱ्यात उभा असे. देवाने ज्याला जे काम दिले ते त्याने करावे.

गोवा राज्य झाले त्या वर्षी सखारामला अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण वाचा गेली ती गेलीच. मी खोपीत पडून राहिलो. वाळवीनेही मला थोडे चाखले. त्यातच परवान्याच्या तपासणीला श्रीनाथ नावाचे साहेब आले. परवाना गेला तर होडी गेली, आणि त्या घराची चूल होडीवरच पेटत होती.

साहेबांनी नदीचा नकाशा पसरला आणि पाण्याखालचा वाळूचा उंचवटा दाखवायला सांगितले. सखारामचे बोट कागदावर भटकले, भलत्याच जागी थांबले. याच्या डोक्यातून नदी पुसली गेली, असे साहेब खेदाने म्हणाले. तेव्हा त्याची बायको कमलाक्षी पुढे आली. आवाज न चढवता म्हणाली, "साहेब, ह्या कागदात पाणी खय आसा? तेंका होडयेत इचारा."

सखारामने मला खोपीतून काढले, साहेब होडीत बसले. गावात मासळी विकणारी सुलोचनाही पाटी घेऊन चढली. "साहेब, पोहूक येता मां?" तिने विचारले. साहेब हसले नाहीत.

ओहोटी लागली होती. मधोमध आल्यावर साहेबांनी नकाशा बघून खोल पाण्याची वाट म्हणून डावीकडे बोट केले. सखारामने मला तिकडे टेकवले. टोकाला कडक वाळू लागली. पावसाळ्यात उंचवटा सरकला होता. ती थरथर माझ्या अंगातून त्याच्या तळहातात गेली, आणि त्याने विचार करण्याआधीच त्याचा भार उजवीकडे झुकला. तिथे मी चिखलात रुतलो. नवखा माणूस अशा वेळी दांड्याला लोंबकळतो आणि होडी पुढे निघून जाते. सखारामने मनगट अर्धे फिरवले, मी सुटलो.

मित्रांनो, त्याची नदी कुठे साठली होती, ते मला अजून सांगता येत नाही. डोक्यात शोधाल तर थोडी सापडेल. बाकीची त्याच्या तळहातात, माझ्या अंगात आणि त्या वाळूतच होती.

एवढ्यात वळणावरून रेतीने भरलेली होडी अंगावर आली. सखारामने तोंड उघडले, आवाज नाही. सुलोचनेने बोंब मारली, समोरच्याने होडी वळवली, म्हणून हातभर अंतराने वाचलो.

परत काठाला लागल्यावर साहेबांनी नकाशा गुंडाळला. मग म्हणाले, "हात शाबूत आहेत. पण हाक कोण मारणार?"

"मी," कमलाक्षी म्हणाली.

"रोज?"

"रोज. सातेरी देवीची आण."

साहेबांनी सही केली.

माझी विनवणी एवढीच, की ज्याला सांगता येत नाही त्याला काहीच येत नाही असे ठरवून टाकू नका. आणि माझ्यासारख्याला काम झाल्यावर जरा उन्हात ठेवत जा.

कमलाक्षी पाण्याला फार भिते. लग्नाला चौदा वर्षे झाली, पैलतीरी जायचे तर ती पुलावरून वळसा घालून बसने जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तुळशीला पाणी घातले, पदर खोचला आणि खाली आली. होडीची कड धरून पुढच्या फळीवर बसली. डोळे मिटले. मग सखारामने मला पाण्यात टेकवले, तेव्हा तिने ते हळूच उघडले.