खिळ्यावरचा डगला

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात उभं केलं आहे, म्हणून मी एखाद्या राजाचा पोशाख असेन असं समजू नका. मी एक जुना डगला आहे. मेंढीच्या कातड्याचा, लोकर आत आणि कातडं बाहेर. पावसात भिजलो की मला मेंढरांचा वास यायचा आणि लोक नाक मुरडायचे. आता मी भिजत नाही. माझ्या बाह्यांत कुणाचे हात जात नाहीत. माझ्याखाली पितळेच्या अक्षरांत ‘लोकसेवकाचा डगला’ असं लिहिलं आहे. येणारे जाणारे ते वाचतात, मान हलवतात आणि पुढे जातात.

मला शिवलं सिरेत नदीकाठच्या याच गावात, म्हातारा इल्ये म्हणून एक कातडीकाम करणारा होता त्याने. आमच्या या मोल्दाव्हिया प्रांतात थंडी पडली की विहिरीचा दोर काठीसारखा ताठ होतो. ओनोफ्रेईचं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्याने मला त्याच्यासाठी शिवून घेतलं. इल्ये शिवताना सारखा कुरकुरत होता. मुलगा एवढा काटकुळा आणि डगला एवढा ऐसपैस कशाला, असं त्याचं म्हणणं. सासरा म्हणाला, असू दे, पोरं होतील, तीही आत मावली पाहिजेत.

आणि मावली की! पोरं म्हणजे एकच मुलगी झाली, व्हिओरिका. थंडीत घसरगाडीवरून आजोळी जाताना ओनोफ्रेई तिला माझ्या आत घ्यायचा, वरून गुंड्या लावायचा. बाहेर फक्त तिचं लाल नाक. ती कंटाळली की माझी वरची कातडी गुंडी चघळायची. तिच्या दातांच्या खुणा अजून त्या गुंडीवर आहेत. काचेजवळ नाक नेलंत तर तुम्हालाही दिसतील.

ओनोफ्रेई घरचा माणूस होता. संध्याकाळी तवा चुलीवर ठेवून भोपळ्याच्या बिया भाजायचा आणि सोलून बायकोच्या पुढ्यात टाकायचा. बायकोचं नाव आग्लाया. मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, शिजली की ती दोऱ्याने कापायचा मान मात्र त्याचा. आग्लाया म्हणायची, तुम्हाला एक तुकडा सरळ कापता येत नाही आणि गावाच्या जमिनीचे वाद मिटवायला निघालात. कारण तोवर तो गावचा सरपंच झाला होता. एकदा झाला तो झालाच. पुढे लोकांनी दुसऱ्या कुणाला निवडलंच नाही.

कचेरीत दाराच्या आत एक खिळा होता. सकाळी आला की तो मला त्या खिळ्यावर अडकवायचा. कचेरीतली शेगडी केवढीशी, आणि लोक तर बर्फातून चालत आलेले. पेन्शनच्या कामाला आलेल्या म्हाताऱ्या दात वाजवत बाकावर बसायच्या. ओनोफ्रेई आतूनच ओरडायचा, “अगं, तो खिळ्यावरचा घाल ना! माझा नाही तो, गावाचा आहे.” मग मी दिवसभर या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरायचो. कुणाच्या अंगाला लसणाचा वास, कुणाच्या गुरांचा, कुणाच्या घरच्या दारूचा. मला सगळे ओळखायचे आणि मी सगळ्यांना.

एकदा हिमवादळात लोहाराच्या बायकोला कळा सुरू झाल्या. डॉक्टर तालुक्याला. ओनोफ्रेईने घसरगाडीला घोडा जोडला, मला तिच्या अंगावर टाकलं आणि स्वतः नुसत्या स्वेटरवर लगाम धरून बसला. मूल वाटेतच झालं, माझ्याच लोकरीत. मी परत आलो तो अशा अवतारात की काही विचारू नका. आग्लायाने मला अंगणात पसरलं, मक्याचं पीठ चोळचोळून साफ केलं आणि नवऱ्याला बोल बोल बोलली. ओनोफ्रेई पंधरवडाभर खोकत होता. पण बाळाचं नाव त्याच्यावरून ठेवलं हे कळल्यावर खोकतखोकत हसला.

या सगळ्यांत मला जास्त वेळा पांघरलं ते नेकुलायने. नेकुलाय गावचा गुराखी. घरोघरच्या गाई गोळा करून तो गावाच्या सामाईक कुरणावर चारायचा. त्याला ना बायको ना पोर. एका वर्षी जानेवारीत, नदीचं पाणी पवित्र करायच्या सणाला, सगळा गाव काठावर उभा होता. पाद्रीबुवांच्या दाढीत बर्फ झालं होतं. नेकुलाय पोत्यासारखा काहीतरी कोट घालून कुडकुडत होता. ओनोफ्रेईने मला उतरवून त्याच्यावर घातलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “मी गेलो की हा तुझा. आग्लाया, ऐकलंस ना?”

आग्लायाने ऐकलं. नेकुलायने ऐकलं. काठावर उभ्या असलेल्या सगळ्या गावाने ऐकलं.

गेल्या वर्षी शरदात, आलुबुखार वाळवायच्या दिवसांत, ओनोफ्रेई गेला. अंगणात ट्रे उलटवताना खाली बसला तो उठलाच नाही. त्याला सूट घालून नेलं. मी घरीच राहिलो, पण त्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण आमच्याकडे रीत आहे. माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाने गरिबाला वस्तू देतात. बादली, पेला, खुर्ची, कपडे. वस्तूवर मेणबत्ती लावायची आणि म्हणायचं, हे अमक्याच्या आत्म्यासाठी. घेणाऱ्याने म्हणायचं, ‘बोगदाप्रोस्ते’. देव त्याला क्षमा करो, असा त्याचा अर्थ. तो शब्द म्हटला की वस्तू तिकडे पोचली. जे दिलं ते त्याला तिकडे मिळतं, जे दिलं नाही त्यावाचून तो राहतो. मी नेकुलायच्या खांद्यावर जाणार आणि तिकडे ओनोफ्रेईच्याही. एकाच वेळी दोघांना ऊब! मी मनातल्या मनात किती खूश होतो, काय सांगू!

इथेच माझा घात झाला.

व्हिओरिकाचा नवरा रेमुस तालुक्याला राहायचा. गोड बोलणारा. चाळिसाव्याच्या आधी तो सासूला म्हणाला, आई, हा डगला असा मळका कसा देणार, बाबांची शोभा काय राहील, मी शहरातून साफ करून आणतो. आग्लायाला भरून आलं. जावई एवढी काळजी करतो म्हणून तिने मला स्वतः घडी घालून त्याच्या गाडीत ठेवलं. मला कुणीही कुठेही साफ केलं नाही. मी रेमुसच्या कपाटात त्याच्या सुटांच्या शेजारी लटकत राहिलो. बाहेर व्हिओरिकाचा आवाज ऐकू आला. ती म्हणत होती, बाबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता. तो म्हणाला, निवडणूक होऊ दे, मग बघू. ती आणखी काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. माझी गुंडी चघळणारी ती पोर. पण बाहेर फक्त तिची पावलं वाजली, लांब जाणारी.

चाळिसाव्याला रेमुसने बाजारातून निळं नायलॉनचं जाकीट आणलं. डगला धुलाईत अडकलाय, पुढे देऊ, म्हणाला. पाहुणे बसलेले, पाद्रीबुवा उभे, आग्लायाला काही सुचेना. जाकिटावर मेणबत्ती लागली. नेकुलाय बिचारा सरळ माणूस, त्याने जाकीट घेतलं आणि शब्द म्हटला. म्हणजे तिकडे काय पोचलं? ते निळं जाकीट! आठवड्याभरात आग्लायाच्या स्वप्नात ओनोफ्रेई आला. फाटकाशी उभा. अंगात निळं जाकीट, तोकड्या बाह्या, ओठ काळेनिळे. म्हणाला, आग्लाया, फार गारठा आहे गं.

मी मात्र तेव्हा गावोगावच्या सभांत फिरत होतो. सासऱ्याच्या रिकाम्या जागेसाठी रेमुस उभा राहिला होता आणि मला अंगात घालून भाषणं ठोकत होता. अत्तराचा वास, आणि बाह्या त्याला लांब. “हा डगला तुम्ही ओळखता,” एवढं म्हणून तो थांबायचा, की बायका डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावायच्या. म्हातारी माणसं पुढे येऊन माझी बाही हातात धरायची. लोहाराच्या बायकोने तर बाहीचा मुका घेतला. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की बायांनो, आत कोण आहे ते तरी बघा! पण डगल्याला तोंड कुठे असतं? त्यांनी मला मतं दिली आणि निवडून रेमुस आला.

ओनोफ्रेईने जन्मभर सांभाळलेलं सामाईक कुरण रेमुसने उन्हाळ्याच्या आत एका कंपनीला वाळू काढायला देऊन टाकलं. तारेचं कुंपण पडलं. गाई विकल्या गेल्या आणि नेकुलायचं काम संपलं. कचेरीत नवी फरशी बसली. फरशी खराब होते म्हणून बाक बाहेर गेला, आणि लोकही. दाराआडचा खिळा उपटून भोक बुजवलं. त्याच भिंतीला हे कपाट लावलं आणि मला त्यात कुलूपबंद केलं. किल्ली रेमुसच्या खिशात.

वर्षश्राद्धाच्या दिवशी इथेच समारंभ झाला. फुलं, बँड, तालुक्याचे पाहुणे. रेमुस सासऱ्याबद्दल इतकं छान बोलला की मलाही क्षणभर खरं वाटलं. आग्लाया पहिल्या रांगेत होती. मांडीवर प्रसादाच्या गोड गव्हाचं ताट. टाळ्या थांबल्या तशी ती उठली, ताट खुर्चीवर ठेवलं, पिशवीतून मेणबत्ती काढली आणि माझ्यासमोर येऊन पेटवली.

“कुलूप काढ, रेमुस,” ती म्हणाली. “त्यांना थंडी वाजतेय.”

रेमुस हसला. पाहुण्यांकडे बघून हसला. “आई, घरी बोलू ना आपण. हा डगला आता गावाचा आहे.”

“गावाचा असता तर खिळ्यावर असता.”

मागे कुणीतरी खोकलं. बाकी सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. मी एकेकाला ओळखत होतो, मित्रांनो. लोहाराची बायको तिथे होती. तिचा मुलगा ओनोफ्रेई, माझ्या लोकरीत जन्मलेला, तोही होता, बँडमध्ये ढोल गळ्यात अडकवून. व्हिओरिका रेमुसच्या शेजारी बसून रुमालाच्या घड्या घालत होती. एकाने, फक्त एकाने म्हटलं असतं की होय, नदीकाठी आम्ही ऐकलंय! पण कुणाचा भाऊ वाळूच्या कामावर लागला होता, कुणाच्या घराचा नकाशा कचेरीत मंजूर व्हायचा होता.

आग्लायाने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग जावयाला म्हणाली, “बरं. तुलाच हवा असेल तर तू घे. मी देते. पण दान म्हणून घे. सगळ्यांसमोर शब्द म्हण, म्हणजे त्यांना पोचेल. मग मी परत मागणार नाही.”

मेणबत्ती तिने त्याच्यासमोर धरली. दान गरीब घेतो. सरपंचाने तो शब्द म्हणायचा म्हणजे सासूच्या दारी हात पसरल्यासारखं. आणि नाही म्हणायचा तर डगला कुठल्या हक्काने ठेवायचा? त्याने पाद्रीबुवांकडे पाहिलं. पाद्रीबुवा छताकडे बघत होते.

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. नेकुलाय होता, फरशी खराब होऊ नये म्हणून उंबऱ्याबाहेरच उभा राहिलेला. अंगात ते निळं जाकीट. त्याने टोपी काढली.

“बोगदाप्रोस्ते, आग्लायावहिनी,” तो म्हणाला.

आग्लाया सगळी नवी फरशी तुडवत दारापर्यंत गेली आणि मेणबत्ती तिने त्याच्या हातात दिली. त्या क्षणी मी नेकुलायचा झालो. रीत म्हणजे रीत. तिथल्या प्रत्येकाला ते कळलं, रेमुसलाही कळलं. त्याने बँडवाल्यांना खूण केली आणि लोहाराच्या मुलाने ढोल वाजवायला सुरुवात केली. कुलूप कुणी काढलं नाही.

आता पुन्हा थंडी आली आहे. काल आग्लाया आली होती. बाहीने काच पुसत माझ्याशी बोलत होती. म्हणाली, पोचलास रे बाबा. स्वप्नात आले होते ते, तुला घालून. मी विचारलं, आता तरी ऊब आहे ना? तर तुला अंगातून उतरवलं, हातावर घेतलं आणि नुसते इकडेतिकडे बघत राहिले, कुणाला तरी शोधत.

कुणाला ते मला माहीत आहे. तो आत्ता या खिडकीबाहेर उभा आहे, निळ्या जाकिटात, हातांवर फुंकर घालत. रोज येतो. मला बघतो, मान हलवतो आणि जातो. तो गारठलेला असताना ओनोफ्रेई मला अंगावर ठेवणार नाही. इथे ठेवत नव्हता, तर तिथे कसा ठेवेल?

मित्रांनो, तुमच्याही गावात असा एखादा माणूस होऊन गेला असेल, त्याची एखादी वस्तू तुम्हीही जपून ठेवली असेल. ती वापरा. झिजू द्या, फाटू द्या, मेंढरांचा वास येऊ द्या. आणि कधी या बाजूला आलात तर माझ्यासाठी फुलं आणू नका. किल्ली मागा.